कुद्रेमुखला जायचंय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शृंगेरी, होरनाडू, धर्मस्थळ ही फेरी सोलापुरातली कितीतरी घरं करतात. त्या वाटेवर दाट जंगलात मध्येच एक आखीव-रेखीव वसाहत लागते. रुंद रस्ते, एकसारख्या क्वार्टर्सच्या रांगा आणि त्यातली बहुतेक दारं बंद. ड्रायव्हर सांगतो, "इथं लोखंडाची खाण होती", आणि गाडी पुढे निघते. परत आल्यावर लोक प्रश्न पाठवू लागतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर आली असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

1. कुद्रेमुख म्हणजे नक्की काय? शिखर, गाव की अभयारण्य?

तिन्ही. शिखर सुमारे 1,890 मीटर उंच आहे. त्याच्या आसपासचं सुमारे 600 चौरस किलोमीटर जंगल म्हणजे कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यान. आणि गाव म्हणजे खाणीसाठी वसवलेली कंपनीची वसाहत, जिला मल्लेश्वर असंही म्हणतात. हे सगळं कर्नाटकात, मुख्यतः चिक्कमगळूर जिल्ह्यात येतं. शिखर आणि गाव एका जागी नाहीत, हे आधीच लक्षात घ्या. शिखरावर जाणारी पायवाट दुसऱ्याच बाजूने सुरू होते (प्रश्न 12).

2. इतक्या आडरानात खाण काढायचं कुणाच्या डोक्यात आलं?

इथं लोहखनिज आहे हे म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातल्या संपत अय्यंगार यांनी 1913 मध्येच नोंदवलं होतं. पण हे मॅग्नेटाइट हलक्या प्रतीचं, त्यात लोखंड साधारण 38 टक्के. ते दळून, गाळून, चुंबकाने वेगळं केल्याशिवाय उपयोगाचं नव्हतं, आणि तेवढा मोठा कारखाना या पावसाच्या डोंगरात उभा करणं त्या काळी कुणाला परवडणारं नव्हतं.

1970 च्या दशकात इराणला पोलादासाठी खनिज हवं होतं आणि तेलामुळे त्यांच्याकडे पैसाही होता. इराणच्या कर्जावर प्रकल्प ठरला आणि 1976 मध्ये कुद्रेमुख आयर्न ओअर कंपनी ही केंद्र सरकारची कंपनी स्थापन झाली. काम जोरात चालू असताना 1979 ला इराणमध्ये क्रांती झाली, शहा गेले आणि पैसे थांबले. उरलेला खर्च आपल्या सरकारने केला आणि प्रकल्प पुरा झाला. ज्याच्यासाठी खाण काढली ते गिऱ्हाईकच गेल्याने कंपनीला दुसरीकडे माल विकायची वाट शोधावी लागली.

3. तिथं रेल्वे तर नाही. मग एवढं लोखंड बंदरापर्यंत जायचं कसं?

पाइपातून. कुद्रेमुखच्या कहाणीतला सगळ्यात विलक्षण भाग आम्हाला हाच वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोंगर वरून खाली पायऱ्यापायऱ्यांनी कापत आणायचे. दगड फोडून, गिरणीत दळून पिठासारखा बारीक करायचे. ते पीठ पाण्यात कालवलं की चुंबकाच्या ढोलांवरून जायचं. मॅग्नेटाइट ढोलाला चिकटायचं, वाळू वाहून जायची. अशा प्रक्रियेतून लोखंडाचं प्रमाण 38 वरून 67 टक्क्यांच्या आसपास जायचं. मग तो काळा, जड गाळ 67 किलोमीटर लांबीच्या नळातून घाट उतरून मंगळूरजवळच्या पणंबूर बंदरात जायचा. कुद्रेमुख उंचावर आणि बंदर समुद्रसपाटीला, त्यामुळे तो उतारावरच वाहत जायचा. खाली पाणी काढून टाकायचं आणि माल जहाजात भरायचा. पुढे तिथेच या भुकटीच्या गोळ्या बनवण्याचा कारखानाही उभा राहिला.

आणि वाहून गेलेली वाळू? ती लक्या नावाच्या ओढ्यावर धरण बांधून मागे साठवली. हे धरण सुमारे 100 मीटर उंच आहे आणि ते बांधलं ते खाणीचा गाळ अडवायला. आपण उजनीची पातळी रोज पेपरात बघणारी माणसं, आपल्याला धरण म्हटलं की पाणीच आठवतं. इथं मात्र धरणामागे दळलेला डोंगर साठलेला आहे.

4. खाण बंद का झाली? लोखंड संपलं का?

नाही. लोखंड शिल्लक होतं, कारखाना चालू होता, कंपनीला अजून खणायचं होतं. खाण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली.

खाणीचा पट्टा 30 वर्षांचा होता, तो 1999 मध्ये संपला. तोवर आजूबाजूचं जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून अधिसूचित झालं होतं. तात्पुरत्या मुदतवाढीवर काम चालू राहिलं. वन्यजीव कार्यकर्ते के. एम. चिन्नप्पा न्यायालयात गेले. 30 ऑक्टोबर 2002 रोजी निकाल लागला: 2005 अखेरपर्यंत खाणकाम बंद करा. 31 डिसेंबर 2005 ला ते थांबलं.

कारणं दोन. पहिलं, हे जंगल. सिंहपुच्छ वानरासारखा प्राणी जमिनीवर फारसा उतरत नाही, तो फांद्यांवरूनच फिरतो, आणि मध्ये खाण आली की त्याच्या जंगलाचे तुकडे होतात. दुसरं कारण पाणी. खाणीचा डोंगर भद्रा नदीच्या उगमाकडचा. या भागात वर्षाला साधारण 7,000 मिलीमीटर पाऊस पडतो, आपल्याकडच्या पाचशे-साडेपाचशेच्या बारा-तेरा पट. उघड्या केलेल्या डोंगरावर असा पाऊस कोसळला की माती सरळ नदीत. ती खाली भद्रा धरणात जाणार, म्हणून खालच्या भागातल्या शेतकऱ्यांनीही आवाज उठवला होता.

भद्रा आणि तुंगा शिमोग्याजवळ कूडलीला मिळतात, आणि तुंगभद्रा पुढे कृष्णेला. आपली भीमाही कृष्णेलाच जाते. म्हणजे कुद्रेमुखचं पाणी आणि सोलापूरचं पाणी शेवटी एकाच नदीत जातं. हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही तो यामुळे.

5. आपल्या गिरण्या बंद पडल्या तसंच झालं म्हणायचं का?

कामगारांच्या घरात झालेलं दुःख तसंच. कारण वेगळं. जुनी मिल आणि तिच्यामागोमाग सोलापुरातल्या बाकीच्या गिरण्या तोटा, जुनी यंत्रं, बदललेला बाजार यामुळे गेल्या. कुद्रेमुखची खाण चालू असताना कायद्याने थांबवली गेली. कंपनी अजून आहे. मंगळूरचा गोळ्यांचा कारखाना बाहेरून खनिज आणून चालवला गेला. काही कामगार तिकडे गेले, कित्येकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

खाण बंद होणं योग्यच होतं, असं आम्ही मानतो. पण ते म्हणताना ज्यांची मुलं तिथल्या शाळेत शिकत होती त्यांना विसरू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

6. व्हिडिओत 'भुतांचं गाव' म्हणून दाखवतात. खरंच कुणी राहत नाही का?

राहतात. पूर्वीच्या मानाने वस्ती अगदी थोडी, पण आहे. कंपनीची माणसं आहेत, वनखात्याची आहेत. भोवतालच्या जंगलात मलेकुडिया या आदिवासी समाजाची घरं खाण यायच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्यामुळे 'भुतांचं गाव' हा शब्द तिथं मोठ्याने वापरू नका. बंद घरांच्या खिडक्यांतून डोकावणं, कुलपं हलवून बघणं, छपरावर चढून फोटो काढणं हे तर मुळीच नको. मालमत्ता कंपनीची आहे आणि पत्रे, वासे कुजलेले असू शकतात.

7. खाण आणि लक्या धरण आत जाऊन बघता येतं का?

तिकीट काढून सरळ आत जाता येईल अशी ही जागा नाही. कंपनीच्या आणि वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय तिकडे वळू नका. "मागच्या वर्षी आमचे मित्र जाऊन आले" हे चौकीवर चालत नाही. धरणामागचा गाळ वरून सपाट मैदानासारखा दिसला तरी तो पाय ठेवण्याजोगा असेलच असं नाही. अभ्यासासाठी जाणाऱ्यांनी प्रश्न 18 पाहावा.

8. आत जाता येत नाही, तर मग बघायचं काय?

वसाहत शांतपणे, मुख्य रस्त्याने चालत बघा. एका कंपनीने शाळा, दवाखाना, बाजार, घरं सगळं एकदम वसवलं की गाव कसं दिसतं ते इथं कळतं. आपल्याकडची गावं पेठापेठांनी वाढलेली, हे गाव नकाशावर पट्टी ठेवून आखलेलं.

डोंगरांकडे बघताना एक गोष्ट नीट न्याहाळा. वरचा भाग गवताचा, आणि दोन डोंगरांच्या खोबणीत गर्द झाडी. याला शोला म्हणतात. गवत आणि झाडी यांच्यामधली रेघ इतकी ठळक असते की कुणीतरी कापून काढली असावी असं वाटतं, पण ती निसर्गाचीच आहे. पाऊस पडतो तेव्हा हे गवत आणि ही झाडी पाणी धरून ठेवतात आणि पावसाळा सरल्यावरही थोडं थोडं सोडत राहतात. खाण का थांबली हे समजायला निकालपत्र वाचण्याआधी हा उतार बघावा. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या भागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात हे उद्यानही आहे.

कार्कळच्या बाजूला हनुमानगुंडी धबधबा आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं, आणि जोराच्या पावसात तो बंद ठेवतात. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती यांच्या उगमाची जागा, गंगामूळ, याच डोंगरात आहे. पण तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

9. सोलापुरातून जायचं कसं?

रेल्वेने गोलगुंबज एक्सप्रेस सोयीची. विजापूर, गदग, हुबळी करत ती म्हैसूरकडे जाते. बिरूर किंवा कडूरला उतरून चिक्कमगळूर गाठायचं, तिथून बाळेहोन्नूर किंवा कोट्टिगेहारामार्गे कळसा, आणि कळशाहून पुढे वीसेक किलोमीटरवर कुद्रेमुख. थांबे आणि वेळा निघण्याआधी तपासा.

रंभापुरी पीठ बाळेहोन्नूरलाच, भद्रेच्या काठावर आहे. आपल्याकडची अनेक वीरशैव कुटुंबं तिथे जातातच. त्यांना ही वाट ओळखीची असेल.

स्वतःच्या गाडीने विजापूर, हुबळी, शिमोगा, शृंगेरी असं जाता येतं. अंतर सहाशे किलोमीटरच्या पुढे आहे, एका दमात जायचा हट्ट नको. शिमोगा किंवा शृंगेरीला मुक्काम करा, म्हणजे शेवटचा जंगलाचा टप्पा सकाळी येतो (का ते प्रश्न 11 मध्ये). पेट्रोल-डिझेल शृंगेरी, कळसा किंवा कार्कळला भरून घ्या, आणि खिशात रोख ठेवा, कारण मोबाईलची रेंज वाटेत बराच वेळ जाते.

10. कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते जानेवारी. दिवाळीच्या सुट्टीत डोंगर हिरवे असतात आणि पाऊस ओसरलेला असतो, पण गर्दी असते. आम्ही तर म्हणू, गड्ड्याची यात्रा आटोपली की निघा. जानेवारीच्या अखेरीस हवा स्वच्छ असते.

जून ते सप्टेंबर पाऊस असा की समोरचा डोंगर दिवस-दिवस दिसत नाही, शिवाय जळवा. फेब्रुवारीपासून गवत वाळतं आणि वणव्याच्या भीतीने वनखातं पायवाटा बंद करतं. मे महिन्याच्या सुट्टीत ट्रेक ठरवणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

11. आम्ही फक्त रस्त्याने पलीकडे जाणार. तरी परवाना लागतो का?

ट्रेकसारखा परवाना नाही, पण चौकीवर थांबावं लागतं. तिथं गाडीचा नंबर आणि वेळ लिहून चिठ्ठी देतात. ठरलेल्या वेळात पलीकडच्या चौकीवर ती परत द्यायची. वेळ मोजण्यामागचा हेतू साधा आहे: मध्ये गाडी थांबवून कुणी जेवणाच्या पंगती मांडू नयेत. वेळेपेक्षा फार उशिरा पोहोचलात तर विचारणा आणि दंड होऊ शकतो. टायर पंक्चर झाला असेल तर तसं सांगा आणि स्टेपनी दाखवा.

जंगलाचा टप्पा दिवसाउजेडीच ओलांडा. रात्रीच्या वाहतुकीवर बंधनं घालतात आणि ती बदलत असतात. प्लास्टिकच्या बाटल्या, दारू याची तपासणी होते. वानरांना केळी, बिस्किटं देऊ नका. पुण्य लागत नाही, उलट ते प्राणी रस्त्यावर येऊन गाड्यांखाली जातात.

12. शिखराचा ट्रेक कसा आहे? आयत्या वेळी जाऊन परवाना मिळेल का?

आयत्या वेळेच्या भरवशावर सोलापुरातून निघू नका. कर्नाटक वनखात्याच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते, दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, आणि शनिवार-रविवार लवकर भरतात. नोंदणीला जे ओळखपत्र दिलं तेच मूळ सोबत हवं.

वाट बाळेगल-मुळ्ळोडीच्या बाजूने सुरू होते. जाऊन-येऊन वीस किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात परत यायचं, वर तंबू ठोकायला बंदी. सिंहगड किंवा नळदुर्गाचा किल्ला चढून आलोय म्हणून हे जमेल असं समजू नका. इथं उंचीपेक्षा लांबी दमवते, आणि माथ्याजवळ वारा माणसाला हलवतो. पहाटे निघा. दोनच्या आसपास जिथे असाल तिथून मागे वळा, शिखर अर्ध्या तासावर दिसत असलं तरी.

13. राहायची-जेवायची सोय?

कळसा, होरनाडू, शृंगेरी आणि कार्कळ इथं लॉज आणि यात्री निवास आहेत. कळशाच्या आसपास घरगुती मुक्कामाच्या सोयीही पुष्कळ. वसाहतीजवळ वनखात्याचा भगवती निसर्ग शिबिर हा तळ आहे, पण आधी नोंदणी हवी. जेवण भाताचं. सकाळी नीर डोसे किंवा तांदळाची अक्की रोट्टी. होरनाडूला अन्नपूर्णेश्वरीच्या देवळात प्रसादाचं जेवण मिळतं, ते चुकवू नका. तिथे गाभाऱ्याजवळ जाताना पुरुषांनी शर्ट काढून उपरणं घ्यायची पद्धत आहे.

कन्नड येत असेल तर फार सोपं. सोलापुरी कन्नडला तिथले लोक हसतील, पण आपुलकीने बोलतील.

14. सोबत कडक भाकरी नि शेंगाचटणी न्यावी का?

शेंगाचटणी जरूर. कडक भाकरी हिवाळ्यातच. पावसाळ्यात तिथल्या दमट हवेत डबा एकदा उघडला की संध्याकाळपर्यंत भाकरी मऊ पडते. कागदाच्या थरात गुंडाळून, हवा न जाणाऱ्या डब्यात ठेवली तर दोन दिवस बरी राहते. सोलापुरी चादर मात्र घरी ठेवा. ती एकदा भिजली की त्या हवेत वाळत नाही आणि परतीपर्यंत ओलं ओझं वाहावं लागतं. हलकी शाल आणि चांगला रेनकोट पुरे.

15. आई-वडील थकलेले आहेत, त्यांना झेपेल का?

रस्त्याने जाणं नक्की झेपेल. घाटात वळणं खूप आहेत, तेव्हा गाडी लागणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा. त्यांच्यासाठी शृंगेरी, कुद्रेमुखची वसाहत, कळशाचं कळसेश्वर मंदिर आणि होरनाडू एवढं दोन दिवसांत निवांत होतं. कार्कळची 42 फुटी बाहुबलीची मूर्ती 1432 मधली आहे. पायऱ्या चढवत नसतील तर ती खालूनही दिसते. हनुमानगुंडीच्या पायऱ्या त्यांना उतरायला लावू नका, परत चढताना त्रास होतो.

16. त्या भागात नक्षलवादी होते ना? आता धोका आहे का?

2000 नंतरची काही वर्षं त्यांचा वावर होता, चकमकीही झाल्या. जानेवारी 2025 मध्ये सहा जणांनी सरकारपुढे शस्त्रं ठेवली, आणि पर्यटक तर त्याआधीही नियमित जात होते. आज या रस्त्यावर काळजी करायची ती धुक्याची, आणि पावसात पडणाऱ्या झाडांची.

17. माझे वडील कंपनीत होते, माझं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. ते घर बघायला मिळेल का?

बाहेरून, रस्त्यावरून बघायला कुणी अडवणार नाही. आत जायचं असेल तर आधी कंपनीच्या कार्यालयात अर्ज करा आणि वडिलांच्या नोकरीचा एखादा जुना कागद किंवा ओळखपत्राची प्रत जोडा. परवानगी मिळेलच असं नाही, कारण काही इमारती पडीक आहेत. शक्य असेल तर वडिलांना सोबत न्या आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. पाळी कशी लागायची, पावसात चार महिने कपडे कसे वाळवायचे, कोणत्या राज्यातली माणसं शेजारी होती, हे कागदोपत्री कुठेच सापडत नाही, आणि ती पिढी आता थकत चालली आहे.

18. कॉलेजच्या भूगोल किंवा अभियांत्रिकीच्या सहलीला खाण दाखवता येईल का?

प्राचार्यांच्या सहीचं पत्र, विद्यार्थ्यांची यादी आणि अभ्यासाचा हेतू लिहून दोन ठिकाणी अर्ज करा: कंपनीकडे आणि कार्कळच्या कुद्रेमुख वन्यजीव विभागाकडे. निदान दोन-तीन महिने आधी. परवानगी आली नाही तर सहल वाया जात नाही. पणंबूरच्या बाजूला कारखाना आणि बंदर बाहेरून दाखवत, पाइपाचा मार्ग नकाशावर समजावत, वर कुद्रेमुखला वसाहत आणि शोला दाखवता येतो. मुलांना जाण्याआधी 2002 च्या निकालावर वर्गात दोन बाजूंनी वाद घालायला लावा, एक बाजू कामगारांची आणि एक नदीची. मग तिथे पोहोचल्यावर त्यांचे प्रश्न वेगळेच असतात.

19. ओढ्यातली काळी वाळू चुंबकाला चिकटते म्हणे. मुलांना दाखवायला मूठभर आणली तर चालेल का?

मॅग्नेटाइट असेल तिथे चिकटते, हे खरं. आणू नका. राष्ट्रीय उद्यानातून दगड, वाळू, रोप, पीस काहीही बाहेर नेणं गुन्हा आहे, मग ते मूठभर का असेना. प्रयोग घरीच करता येतो. बांधकामाच्या ढिगातली कोरडी वाळू कागदावर पसरा, चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यावरून फिरवा. बेसाल्टच्या दगडातही मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे सोलापूरच्या काळ्या दगडाच्या वाळूतही बारीक काळे केस उभे राहिल्यासारखे कण पिशवीला चिकटतील. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढलं की ते कागदावर गळून पडतात. कारखान्यातल्या ढोलांवर हेच घडत होतं (प्रश्न 3).